मोहेंजोदडो : बांधलेलं शहर, राखलेलं शहर



प्राचीन नगरांचे अवशेष असा विषय मला दिला गेला आहे. विषय अफाट आहे. इजिप्त, सुमेर, क्रीट, पेरू, सगळीकडे मोडलेली नगरं पडून आहेत. तासाभरात सगळ्यांना हात लावायचा म्हटलं तर नावांची जंत्री होईल. म्हणून मी एकच नगर घेतो, सिंधूकाठचं मोहेंजोदडो. दुसरी नगरं येतील ती त्याच्याशी ताडून पाहण्यापुरती. शेवटी आपण प्रवरा आणि घोड या आपल्या नद्यांच्या काठी येऊ, कारण हा धागा खरोखरच तिथवर येऊन पोचला आहे.

मला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. एखादं जुनं शहर पाहिलं की आपण पहिल्यांदा विचारतो, हे कुणी बांधलं? कोणत्या राजानं? किती खर्च आला असेल? पण हे राखलं कुणी, असं कुणी विचारत नाही. खरं मोठं काम तेच असतं. बांधकाम एका पिढीत उरकतं. मोहेंजोदडो मात्र नांदलं सुमारे सातशे वर्षं, साधारण इ. स. पू. २६०० ते १९००. ज्ञानेश्वरांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हापासून आजपर्यंत जितका काळ गेला, जवळपास तितका हा काळ आहे. एवढी वर्षं नदीच्या पुरात, सिंधच्या उन्हात एक शहर उभं राहतं ते आपोआप राहत नाही. रोज कुणीतरी ते राखत असतं. हे राखणारे कोण होते, आणि शहर मेल्यावर त्याला राखायची जबाबदारी आपल्यावर आली तेव्हा आपण काय केलं, एवढंच मी आज बोलणार आहे.

आधी शहर डोळ्यांपुढे आणू. आजच्या पाकिस्तानात, सिंध प्रांतात लारकान्याजवळ ही जागा आहे. पश्चिमेला उंचावरचा भाग, त्याला अभ्यासक बालेकिल्ला म्हणतात. पूर्वेला खालचं गाव, म्हणजे लोकांची घरं, गल्ल्या, रस्ते. घरं बांधायच्या आधी या लोकांनी माती आणि कच्च्या विटांचे प्रचंड चौथरे घातले आणि त्यावर शहर चढवलं, पुराचं पाणी पायाला लागू नये म्हणून. वस्ती किती असावी? पस्तीस-चाळीस हजार, असा एक अंदाज आहे. आणि एवढ्या मोठ्या शहरात राजवाडा म्हणून बोट दाखवता येईल अशी एकही इमारत नाही. देऊळ म्हणून सगळ्यांना मान्य होईल अशीही नाही. राजाचा पुतळा नाही, विजयस्तंभ नाही, लढाईचं चित्र नाही. लिपी आहे, पण ती अजून कुणाला वाचता आलेली नाही. मग या शहराबद्दल आपण बोलायचं कशाच्या आधारावर?

विटेच्या.

मोहेंजोदडोची भाजलेली वीट साधारण २८ सेंटीमीटर लांब, १४ रुंद आणि ७ जाड असते. थोडा फरक पडतो, पण प्रमाण सुटत नाही. लांबी रुंदीच्या दुप्पट, रुंदी जाडीच्या दुप्पट. गवंडीकाम जवळून पाहिलेल्या कुणालाही यातलं शहाणपण लगेच कळेल. दोन विटा शेजारी आडव्या ठेवल्या की एका उभ्या विटेची लांबी भरते. एक थर लांबीनं, दुसरा आडवा, असं रचत गेलं की वरचा सांधा खालच्या सांध्यावर येत नाही आणि भिंत एकजीव होते. आजही आपण हेच करतो. आणि हे प्रमाण एका शहरापुरतं नव्हतं. याच संस्कृतीचं हडप्पा तिथून सुमारे सहाशे किलोमीटर दूर, तिथेही तेच. भट्टीवाला वेगळा, माती वेगळी, नदी वेगळी. विटेचं माप मात्र तेच. वजनांचंही तसंच होतं. चर्ट दगडाचे लहान चौकोनी ठोकळे, दुपटीनं वाढत जाणारे, गावोगावी सारखे. हे कुणी ठरवलं आणि कुणी पाळायला लावलं, त्याचं उत्तर मिळत नाही. पण सातशे वर्षं ते पाळलं गेलं, हे विटाच सांगतात.

आता याच्या शेजारी सुमेरमधलं ऊर ठेवून पाहा. तिथले राजे विटांवर आपल्या नावाचे शिक्के मारत. ऊर-नम्मू या राजानं इ. स. पू. २१०० च्या सुमाराला तिथला प्रचंड झिगुरात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा देवळाचा मनोरा, बांधायला घेतला. त्यानंतर दीड हजार वर्षांनी नबोनिडस हा बाबिलोनचा राजा येतो, त्या झिगुराताची दुरुस्ती करतो, आणि आपण काय काय दुरुस्त केलं हे कोरून त्यातच पुरून ठेवतो. लिओनार्ड वूली हा पुरातत्त्वज्ञ १९२२ ते १९३४ या काळात तिथे खणत होता, त्याला हे सगळं वाचता आलं. म्हणजे तिथे दुरुस्तीसुद्धा राजाच्या नावानं होते. ही परंपरा किती चिवट आहे पाहा. १९८० च्या दशकात सद्दाम हुसेननं बाबिलोनच्या जुन्या पायांवर नव्या भिंती चढवल्या आणि नव्या विटांवर स्वतःचं नाव घातलं. अडीच हजार वर्षांनी तोच सोस! त्या नव्या भिंतींखाली जुन्या दबल्या गेल्या. दुरुस्तीच्या नावाखाली केलेलं ते स्मारक होतं, आणि ते करणाऱ्याचंच होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोहेंजोदडोच्या विटेवर कुणाचंही नाव नाही. तिथे दुरुस्ती झाली नाही का? झाली, आणि इतकी झाली की ती मोजता येत नाही. फक्त तिच्यावर सही नाही.

ही दुरुस्ती कुठे दिसते? विहिरींत दिसते. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचे मायकेल यानसेन यांनी या शहराचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या अंदाजानं शहरात सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात. सातशे! शेजारून सिंधू वाहत असताना. जवळजवळ प्रत्येक चार-दोन घरांना एक. या विहिरी गोल, आणि त्यांच्यासाठी विटा मुद्दाम एका टोकाला निमुळत्या पाडलेल्या. गोलात बसवल्या की बाहेरच्या मातीचा दाब त्यांना आत ढकलत नाही, उलट एकमेकींत घट्ट रुतवतो. काही विहिरींच्या कठड्यांवर दोराच्या घासण्यानं पडलेल्या खाचा आहेत. भाजलेल्या विटेत दोरानं खाच पडायला किती घागरी वर याव्या लागल्या असतील, याचा विचार करा.

आणि आता खरी गोष्ट. शहरात माणसं राहतात तशी जमीन चढत जाते. घर पडतं, त्यावरच दुसरं उभं राहतं, रस्त्यावर राख, खापरं, माती साचते. गल्लीची पातळी वाढली की घराचं जोतं वाढवावं लागतं, उंबरा वर घ्यावा लागतो, गटार वर उचलावं लागतं आणि विहिरीचा कठडाही चढवावा लागतो. मोहेंजोदडोत हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. जुन्या कठड्यावर नवे थर, त्यावर आणखी नवे. खणणाऱ्यांनी भोवतालची माती काढली तेव्हा या विहिरी आतून रिकाम्या आणि बाहेरून मोकळ्या झाल्या, आणि आज त्या कारखान्याच्या धुरांड्यांसारख्या उंच उभ्या आहेत. मोहेंजोदडोला प्रत्यक्ष जायचं भाग्य मला मिळालं नाही, मी हे छायाचित्रांतूनच पाहत आलो आहे. पण त्या उभ्या विहिरींचं छायाचित्र पाहताना मला नेहमी वाटतं की जगातल्या कुठल्याही शिलालेखाइतका हा मोठा लेख आहे. तो वाचायला लिपी लागत नाही. खालचा थर पणजोबांचा, वरचा पणतवाचा, आणि मधल्या कुठल्याही पिढीनं ‘आता पुरे’ म्हटलेलं नाही.

विहिरींसारखीच गटारं. बहुतेक घरांत न्हाणीची जागा आहे, विटा काठावर उभ्या बसवून, घासून घट्ट केलेली, एका कोपऱ्याकडे उतार दिलेली. आपल्या जुन्या वाड्यांतली मोरी ज्यांनी वापरली आहे त्यांना ती पाहताक्षणी ओळखू येईल. त्या कोपऱ्यातून पाणी भिंतीतल्या पन्हळीनं रस्त्यावरच्या गटारात. गटार विटांचं, वरून विटांनी किंवा दगडी फरश्यांनी झाकलेलं, आणि अंतराअंतरानं गाळ बसायला खड्डे. ती झाकणं चुन्यानं पक्की केलेली नाहीत, उचलता येतात. शाळेच्या पुस्तकात आपण ‘हडप्पा संस्कृतीची सांडपाण्याची व्यवस्था उत्तम होती’ असं एक वाक्य पाठ करतो आणि पुढे जातो. जरा थांबू या. उचलता येणारं झाकण म्हणजे काय? ते कुणीतरी उचलत होतं. गाळाचा खड्डा म्हणजे काय? तो कुणीतरी उपसत होतं. एक पावसाळा ते काम थांबलं असतं तर एवढं उत्तम गटार तुंबून बसलं असतं आणि घराघरांतली मोरी उलटी वाहू लागली असती.

तो माणूस कोण होता? त्याला मोबदला काय मिळत होता? त्याच्याकडे लोक कसं पाहत होते? हे मला जाणून घ्यायला फार आवडेल, कुठल्याही राजाच्या वंशावळीपेक्षा जास्त. आपल्या आजच्या शहरांतही मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नसतं, तो गुदमरून मेला तरच एक दिवस छापून येतं. साडेचार हजार वर्षांत या बाबतीत आपण किती पुढे गेलो, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाशी ताडून पाहावं.

महास्नानगृहाबद्दल तुम्ही वाचलेलं आहे, म्हणून थोडक्यात बोलतो. हौद १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, जवळजवळ अडीच मीटर खोल. विटा काठावर उभ्या, जिप्समच्या गिलाव्यात बसवलेल्या, आणि मागच्या बाजूला डांबराचा थर, पाणी पाझरू नये म्हणून. पाणी काढून द्यायला कमानदार वाट आहे. एवढा हौद भरायचा, उपसायचा, घासायचा, पुन्हा भरायचा. तो धार्मिक विधीचा असेल, नसेल. विद्वान वाद घालोत. शेवाळ धरू न देणारे हात होते, याबद्दल वाद नाही.

असं शहर मेलं कसं? पूर्वी याचं एक मोठं नाट्यमय उत्तर होतं. मॉर्टिमर व्हीलर या पुरातत्त्वज्ञानं १९४० च्या दशकात सांगितलं की आर्यांनी स्वारी केली, किल्ले फोडले, कत्तल केली. आणि पुरावा म्हणून गल्ल्यांत सापडलेले थोडे सांगाडे दाखवले. हे चित्र इतकं ठसठशीत होतं की अजूनही कुणी कुणी तेच सांगतं. जॉर्ज डेल्स या अमेरिकन संशोधकानं १९६४ मध्ये ते सांगाडे पुन्हा तपासले. ते चाळीसच्याही आत, वेगवेगळ्या थरांतले, वेगवेगळ्या काळातले. जळालेलं शहर नाही, फुटलेली तटबंदी नाही, शत्रूची हत्यारं नाहीत. कत्तल झालीच नव्हती. मग झालं काय? पाऊसमान बदललं, घग्गर-हाकरासारख्या नद्या आटत गेल्या, इराकच्या बाजूचा व्यापार रोडावला, ही कारणं आज पुढे केली जातात, आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. पण शहराच्या शेवटच्या थरात जे दिसतं ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. मोठी घरं भिंती घालून लहान लहान खोल्यांत तोडलेली. भर रस्त्यात कुंभाराच्या भट्ट्या. गटारांकडे दुर्लक्ष. ज्या शहरानं सातशे वर्षं विटेचं माप मोडू दिलं नाही, त्या शहरात रस्त्याच्या मधोमध भट्टी लावली तरी अडवणारं कुणी उरलं नाही. शहर तिथे संपलं. माणसं नंतर निघून गेली.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येतो. हे मेलेलं शहर आपल्या हाती आलं तेव्हा आपण काय केलं?

प्रथम हडप्पा. तिथले ढिगारे इंग्रज प्रवाशांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पाहिले होते. अलेक्झांडर कनिंगहॅम हा पुरातत्त्वज्ञ तिथे १८५३ आणि १८५६ मध्ये गेला, पुढे १८७२-७३ मध्ये त्यानं खणलंही. तोवर लाहोर-मुलतान रेल्वे झाली होती. रुळांखाली घालायला भाजलेल्या विटांचा आयता डोंगर समोर होता. कनिंगहॅम लिहून ठेवतो की हडप्प्याच्या विटांचा रोडा सुमारे शंभर मैलांच्या लोहमार्गाला पुरला. शंभर मैल! चार हजार वर्षांपूर्वी ज्या भट्टीवाल्यानं वीट नीट भाजली, तिच्या मजबुतीनंच तिचा घात केला. कच्ची असती तर कुणी हात लावला नसता. बाबिलोनचंही तेच झालं. जवळच्या हिल्ला गावातली घरं बाबिलोनच्या विटांची आहेत.

मोहेंजोदडो रेल्वेपासून वाचलं, पण ओळखलं गेलं नाही. इथे आपल्याकडचे लोक येतात. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाची कचेरी होती पुण्यात. या विभागाचे प्रमुख म्हणून देवदत्त रामकृष्ण भांडारकर १९११-१२ मध्ये मोहेंजोदडोला गेले. रामकृष्णपंतांचे चिरंजीव, स्वतः मोठ्या योग्यतेचे विद्वान. त्यांनी जागा पाहिली आणि अहवाल दिला की हे गाव फार तर दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. का? विटा अगदी आत्ताच्या वाटतात, आणि जुन्या स्थळांवर सापडतात तशा नक्षीच्या विटा इथे नाहीत. हे सांगताना मला त्यांच्यावर दोष ठेवायचा नाही. उलट यात मला त्या अनाम भट्टीवाल्यांचा केवढा गौरव दिसतो! साडेचार हजार वर्षांची वीट भांडारकरांच्या तयार नजरेला कालपरवाची वाटली. आणि नक्षी नाही म्हणून प्राचीन नाही, हा तर्क एकट्या भांडारकरांचा नव्हता. प्राचीन म्हणजे देऊळ, मूर्ती, कोरीव काम, असा आपला सगळ्यांचाच समज होता. साध्या भिंतीला इतिहास असतो हे तेव्हा कुणाच्याच मनात नव्हतं.

भांडारकरांच्या मागून पुण्याच्या त्याच जागेवर राखालदास बॅनर्जी आले. १९२२ च्या हिवाळ्यात ते तिथल्या बौद्ध स्तूपाभोवती खणत होते आणि स्तूपाच्या खालच्या थरांतून मुद्रा निघाल्या, हडप्प्याला निघत होत्या तशाच. पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख जॉन मार्शल यांनी दोन्हीकडच्या वस्तू शेजारी ठेवून पाहिल्या आणि २० सप्टेंबर १९२४ रोजी लंडनच्या एका साप्ताहिकात जगाला बातमी दिली. भारताचा इतिहास एका लेखानं दोन-अडीच हजार वर्षं मागे गेला.

त्यानंतर खोदकामाला जोर आला, आणि १९२४-२५ मध्ये ते काम पाहिलं काशिनाथ नारायण दीक्षित यांनी. हे पंढरपूरचे. आज मोहेंजोदडोच्या नकाशावर एका मोठ्या भागाचं नाव ‘डीके’ असं आहे, त्यातला डी म्हणजे दीक्षित, के म्हणजे काशिनाथ. शाल पांघरलेल्या दाढीवाल्या पुरुषाचा तो साडेसतरा सेंटीमीटरचा प्रसिद्ध पुतळा, ज्याला लोक ‘पुरोहित-राजा’ म्हणतात, तो याच भागात १९२५-२६ मध्ये मिळाला. दीक्षित १९३७ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. पंढरपुरात दरवर्षी लाखो माणसं जातात. आषाढीला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल? मला याची खंत वाटते.

खणलं, सापडलं, जगात नाव झालं. पण माती काढली की तिथूनच जबाबदारी सुरू होते, आणि इथे आपण कमी पडलो. आपण म्हणजे इंग्रज, भारत, पाकिस्तान, सगळेच. जमिनीखाली चार हजार वर्षं भिंत सुरक्षित होती. न ऊन, न वारा, न पाणी. उघडी पडली आणि तिला लोणा लागला. सिंधच्या जमिनीत मीठ आहे. १९३२ मध्ये सक्करचा बंधारा पुरा झाला, कालवे निघाले, शेती बारमाही झाली आणि जमिनीखालचं पाणी वर चढलं. ते खारं पाणी विटांतून केशाकर्षणानं वर सरकतं, भिंतीच्या तोंडाशी येऊन उन्हात उडून जातं, मीठ मागे राहतं. त्याचे स्फटिक विटेच्या आत फुगतात आणि विटेचा पापुद्रा सुटतो. पुन्हा पाणी, पुन्हा मीठ, पुन्हा पापुद्रा. हात फिरवला तर वीट पिठासारखी बोटांना लागते. युनेस्कोनं १९७४ पासून वीसएक वर्षं मोहीम चालवली, पाणी उपसायला नळविहिरी घेतल्या, १९८० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं. नवीन मोठं उत्खनन १९६५ नंतर बंदच आहे. मला विचाराल तर ही बंदी शहाणपणाची आहे. जे उघडं आहे तेच राखता येत नाही तर आणखी उघडं करून कुणाचं भलं होणार?

आणि राखण्यातला सगळ्यात करुण प्रसंग निसर्गानं नव्हे, माणसांनी घडवला. फाळणी झाली तेव्हा मोहेंजोदडोच्या अनेक वस्तू दिल्लीत होत्या. वाटणी निम्मी निम्मी ठरली. त्यांत एक हार होता, जेडचे मणी, सोन्याच्या चकत्या. एक कमरपट्टा होता, कार्नेलियनच्या लांब लालसर मण्यांचा. असला एक मणी घडवणं म्हणजे दगडाला लांबच्या लांब बारीक भोक पाडणं, आणि ते काम दिवसेंदिवस चाले. असे मणी निवडून, जुळवून कुणा कारागिरानं तो पट्टा ओवला होता. १९४७ नंतर तो सोडवला. मणी मोजले. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. हाराचंही तेच. आज दोन देशांच्या संग्रहालयांत दोन अर्धवट दागिने आहेत. पुढे १९७२ नंतर पुरोहित-राजा पाकिस्तानला गेला, मोहेंजोदडोतच मिळालेली नर्तकीची मूर्ती दिल्लीत राहिली. जातील तर जावोत, अख्ख्या वस्तू कुठेही राहिल्या तरी चालतील. पण ओवलेला दागिना तोडून वाटून घेणं, हे मात्र मला कधीच पटलेलं नाही.

मग आज तिथे काय चालतं? तिथले मजूर मीठ धुऊन काढलेल्या मातीचा पातळ चिखल करतात आणि जुन्या भिंतींवर त्याचं पोतेरं देतात. मीठ आता विटेच्या तोंडाशी न साचता या मातीच्या थरात साचतं. थर खराब झाला की गळून पडतो, वीट वाचते, आणि पुन्हा नवा थर द्यायचा. ऑगस्ट २०२२ मध्ये सिंधमध्ये अतोनात पाऊस झाला तेव्हा हे पोतेरं वाहून गेलं, काही भिंती पडल्या, आणि त्याच लोकांनी पुन्हा सुरुवात केली. ज्या लोकांनी चार हजार वर्षांपूर्वी विहिरींचे कठडे चढवले, त्यांचं काम आज हे मजूर करत आहेत. यांचंही नाव कुठे लिहिलेलं नाही.

याच संस्कृतीचं एक शहर आपल्या बाजूलाही आहे, कच्छमधलं धोलावीरा. ते विटांचं नाही, दगडाचं. मनसर आणि मनहर या दोन ओढ्यांचं पावसाळी पाणी अडवून तटाच्या आत हौदामागून हौद भरायचे, अशी तिथली रचना. रवींद्रसिंह बिष्ट यांनी १९९० पासून तिथे उत्खनन केलं, २०२१ मध्ये ते जागतिक वारसा झालं. उत्तर दरवाज्याजवळच्या खोलीत तिथे एक पाटी मिळाली. लाकडी फळी कधीच कुजून गेली होती, पण तिच्यावर जडवलेली जिप्समची दहा अक्षरं जमिनीवर ओळीनं तशीच पडलेली होती, वीतभराहून मोठी एकेक. खणणाऱ्याचा हात घाईचा असता तर ते नुसते पांढरे तुकडे म्हणून गोळा झाले असते.

हा हात घाईचा नसणं किती महत्त्वाचं, ते आता आपल्या प्रवरेवर येऊन सांगतो. श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथे भिल्ल समाजातला एक माणूस झाडाचा बुंधा खणून काढत होता आणि त्याला काशाच्या चार वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ. मिळून साठेक किलो वजन. रथ ४५ सेंटीमीटर लांब, दोन बैल, मागे उभा हाकणारा, आणि दांडीवर एक कुत्रा! ती घडण पाहिली की कुणाचंही मन थरारतं. पण या वस्तू कुठल्या काळातल्या? मधुकर केशव ढवळीकर यांनी त्यांना उत्तर हडप्पा काळातलं, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातलं, मानलं. धातूच्या रासायनिक पृथक्करणावरून इतर काहींनी त्यावर शंका घेतली. वाद अजून आहे. त्या वस्तूंइतकंच त्या ज्या थरात होत्या त्या थराला मोल होतं, आणि वस्तू वर आल्या तेव्हा थर नोंदला गेलेला नव्हता. त्या माणसाचा यात काही दोष नाही, तो लाकूड काढायला गेला होता. नंतर शां. अ. साळी यांनी १९७६ ते १९७९ या काळात तिथे शिस्तीनं उत्खनन केलं. त्यात उत्तर हडप्पा काळाचा थर निघाला, हडप्पा लिपीतली अक्षरं असलेल्या मातीच्या दोन लहान मुद्रा निघाल्या, आणि कच्च्या विटांनी बांधून काढलेलं एक थडगं निघालं. सिंधूकाठची माणसं, किंवा निदान त्यांच्या सवयी, इथवर आल्या होत्या, हे त्या थडग्यानं आणि मुद्रांनी ठरलं. रथानं नाही.

घोड नदीवर इनामगावही असंच. १९६८ पासून पंधराएक वर्षं डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी तिथे खणलं. शंभराहून जास्त घरं निघाली, कुडाच्या भिंतींची, चुली आणि धान्याच्या कणग्यांच्या खुणांसकट. इ. स. पू. १४०० च्या पुढे लोक ऐसपैस चौकोनी घरांत राहत होते, नदीचं पाणी पाटानं आणत होते. इ. स. पू. १००० नंतर घरं लहान गोल झोपड्यांची झाली. पाऊस कमी झाला असावा, असं ढवळीकर म्हणत. त्या गावाचा पाट कुणी उपसला असेल, तो कधी गाळानं भरू दिला असेल, मोहेंजोदडोचाच प्रश्न इथेही. फरक एवढा की कुडाची भिंत उघडी ठेवून राखता येत नाही. ती मोजायची, काढायची, छापायची आणि माती पुन्हा लोटायची. इनामगावचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ते गाव आज त्या अहवालात आहे.

माझं शेवटचं बोलणं या सभागृहातल्या शेतकऱ्यांशी आणि शेतकऱ्यांच्या मुलांशी आहे. आपल्या नदीकाठच्या गावांबाहेर जी पांढर असते, राखट, भुसभुशीत मातीचं टेकाड, ती बहुतेक वेळा जुन्या वस्तीची जागा असते. घराला सारवायला, शेतात टाकायला ती माती वर्षानुवर्षं उकरून नेली गेली. आता जेसीबी आल्यामुळे जे काम शंभर वर्षांत होत होतं ते एका दुपारी होतं. तुमच्या शिवारात अशी पांढर असेल, तिच्यात रंगवलेली खापरं, मणी, हाडं, काही दिसलं, तर वस्तू उचलून घरी आणू नका. ती पडली आहे तिथेच राहू द्या, जागेचा फोटो काढा, तहसील कचेरीत आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागात कळवा, आणि तिथून माणूस येईपर्यंत जेसीबीवाल्याला दुसरीकडे पाठवा.